आमचा ससोबा

गोष्टींतली कुत्री मोठी गुणी असतात. धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढत गेलेले कुत्रे थेट स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. कोणी कुत्रे धन्याला पुरातून ओढून काढते, कोणी चोराची तंगडी धरून ठेवते. अशा गोष्टी मी शाळेत तीस वर्षे मुलांना रंगवून सांगितल्या. त्यामुळे ‘गुरुजी, आता तुमच्या कुत्र्याची गोष्ट सांगा’ असे कोणी म्हटले, की मी मोठ्या पेचात पडतो. आमच्या ससोबाने आजवर एकही चोर पकडलेला नाही. मांजर दिसले की तो पलंगाखाली शिरतो. त्याने कोणाचे प्राण वाचविले नाहीत. उलट घरातल्याच एका माणसाला तो चावला आहे. तरीही मी त्याच्याविषयी लिहीत आहे. का, ते शेवटी तुमच्या ध्यानात येईल.

२०१७ सालच्या आषाढातली ही हकीकत. साताऱ्यास पाऊस लागला, म्हणजे अजिंक्यतारा दिवसच्या दिवस ढगांत बुडून जातो. अशाच एका सायंकाळी शाळेतून परतताना, बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका वडाच्या बुंध्याशी मला ते कुत्रे दिसले. त्याचा मूळचा तांबूस रंग चिखलाने ओळखू येत नव्हता. फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. गळ्यात सुंभाची दोरी होती आणि तिचे तुटलेले टोक चिखलात लोळत होते. लहानपणी कोणीतरी ती बांधली असावी. पुढे कुत्रे वाढले, दोरी मात्र वाढली नाही; ती मानेच्या कातडीत रुतून बसली होती.

मी एक पाऊल पुढे टाकले. माझ्या हातात छत्री होती. त्याने ओठ मागे खेचून दात दाखविले आणि त्याच क्षणी शेपूट पोटाखाली ओढून घेतले. दात रागाचे होते, शेपूट भीतीचे. मी त्या दिवशी फक्त दात पाहिले.

तीन दिवस मी दुरूनच त्याला पोळी टाकीत होतो. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यातील पशुवैद्य एका मदतनिसाला घेऊन आले. त्यांनी अंगावर गोणपाट टाकून त्याला अलगद धरले, दवाखान्यात नेऊन रुतलेली दोरी कापून काढली, जखमेतल्या अळ्या काढल्या, टाके घातले आणि रेबीजची लसही टोचली. दातांवरून त्यांनी त्याचे वय दोनेक वर्षांचे ठरविले. निघताना ते म्हणाले, “गुरुजी, मानेची जखम महिन्याभरात भरून येईल. मनाच्या जखमेवर माझ्यापाशी औषध नाही. ते तुमच्या घरात असेल, तर पाहा.”

कुत्रे घरात आले ते थेट जिन्याखाली गेले. पाण्याचे पिंप आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती. तीत अंग चोरून ते दोन दिवस बसून राहिले. आमच्या धाकटीने त्याचे नाव ‘शेरू’ ठेवण्याचे आधीच ठरविले होते. माझ्या आईला मात्र कुत्रे घरात येणे मुळीच पसंत नव्हते. “अरे, कुत्र्याची जागा अंगणात,” असे ती मला पुनःपुन्हा बजावीत होती. दुसऱ्या दिवशी तिने कमरेत वाकून पिंपामागे डोकावून पाहिले आणि नातीला म्हणाली, “कसला शेर घेऊन बसलीस! हा तर आपला ससोबा आहे.” तेव्हापासून त्याचे नाव ससोबा पडले.

या ससोबाने पुढील चार महिन्यांत आम्हांला अगदी सळो की पळो करून सोडले. केरसुणी हातात घेतली, की तो गुरगुरत असे. छत्री, काठी, दोरी, कपडे वाळत घालायचा बांबू, यांपैकी काहीही दिसले तरी तोच प्रकार. खुंटीवरचा सदरा काढण्यासाठी मी हात वर केला, तरी तो दात विचकी. त्याचे जेवण चालू असता कोणी जवळून गेले, तर थाळी सोडून तो अंगावर येई. चपला, पायपुसणी, आईची जुनी गोधडी, यांच्या त्याने चिंध्या केल्या. रात्री पान हलले तरी तो भुंके आणि सकाळी शेजाऱ्यांची तक्रार दारात उभी राही. सौभाग्यवतीने एकदा वैतागून मला विचारले, “अहो, आपण कुत्रा पाळला आहे, की कुत्र्याने आपल्याला?”

मग दिवाळी आली. फटाक्यांचा आवाज आपल्यालाही कर्कश वाटतो. कुत्र्याची गत त्याहून वाईट असते. सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज माणसाला ऐकू येतात. कुत्र्याला ४०,००० च्याही पुढचे ऐकू येतात. शिवाय अगदी हळू आवाजही त्याच्या कानांना लांबून कळतो. असल्या कानांवर चार दिवस सुतळी बाँब आदळत होते. ससोबाने अन्नाला तोंड लावले नाही आणि डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पाचव्या दिवशी गल्ली शांत झाली, तेव्हा ओटीवरच्या कोवळ्या उन्हात तो जरासा पेंगुळला.

धाकटी तेव्हा अकरा वर्षांची होती. आपला ससोबा अखेर शांत पडलेला पाहून तिला भरून आले. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याने तोंड फिरविले. तिने हात पुढे केला. तो हळूच गुरगुरला. ती हसली आणि तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली. त्या गळ्यावर दोरीचा वण होता.

तिची किंकाळी ऐकून आम्ही धावलो. तिच्या डाव्या हातावर दातांच्या चार खुणा उमटल्या होत्या आणि त्यांतून रक्त वाहत होते. आम्ही तिचा हात नळाखाली धरला आणि पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने जखम धुतली. त्यानंतर तिला तत्काळ रुग्णालयात नेले. कुत्रे लस टोचलेले असले, तरी डॉक्टरांना दाखविल्यावाचून राहू नये. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो रोग जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो. रांगेत बसल्या बसल्या मी तिचे मन रमविण्यासाठी लुई पाश्चर यांची हकीकत सांगितली. १८८५ सालच्या जुलै महिन्यात जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले होते. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला पाश्चरांकडे आली. पाश्चरांची लस तोवर मुख्यतः प्राण्यांवरच अजमावलेली होती. तरीही त्यांनी ती मुलाला देवविली, आणि तो वाचला. धाकटीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि त्या कुत्र्याचे काय झाले?” मी गप्प राहिलो. कारण त्याच वेळी मी आमच्या कुत्र्याचे काय करायचे, ते मनाशी ठरवीत होतो.

त्या रात्री गल्लीतील वडीलधारी मंडळी आमच्याकडे आली. त्यांचे म्हणणे एकच होते. “गुरुजी, पोरीवर आज निभावले. उद्या गल्लीतल्या एखाद्या तान्ह्या पोराला चावला तर? घाटापलीकडे नेऊन सोडा आणि मोकळे व्हा.” त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. मुलांचा जीव कुत्र्याहून हलका नसतो. मी होकार दिला.

पहाटे मी दोरी घेऊन जिन्याखाली गेलो. ससोबाने दोरी पाहिली. नेहमीप्रमाणे तो गुरगुरेल, अशी माझी अपेक्षा होती. परंतु त्या दिवशी तो गुरगुरला नाही. त्याने तोंड भिंतीकडे वळविले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. जे व्हायचे ते लवकर होऊन जावे, एवढीच वाट पाहणारे ते डोळे होते.

ते डोळे माझ्या ओळखीचे होते.

मी नवा नवा शिक्षक झालो, तेव्हाची गोष्ट आहे. त्या काळी वर्गात छडी राजरोस चालत असे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. काहीही विचारा, तो उत्तर देत नसे. नुसता जमिनीकडे पाहत उभा राही. मी त्याला हट्टी समजत होतो. एके दिवशी माझा संयम सुटला आणि मी छडी घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने दोन्ही हात पुढे केले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. त्या हातांना तशी सवय असली पाहिजे, हे मला कळायला हवे होते. मला ते कळले नाही. मी मारले. त्याच्या घरी रोज काय चालते आणि वडीलधारा माणूस समोर आला की त्याची वाचा का बसते, हे मला पुढे दुसऱ्यांकडून समजले. तोवर तो शाळा सोडून गेला होता. मी छडी टाकून दिली. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने तर शाळेत मुलांना मारण्यास मनाईच केली. पण त्या मुलाची क्षमा मागण्याची संधी मला पुन्हा कधीही मिळाली नाही.

दोरी हातात घेऊन मी तसाच उभा होतो. मागून पावले वाजली. हाताला पट्टी बांधलेली धाकटी जिन्यावर उभी होती.

“बाबा, दोरी कशाला?”

मला उत्तर देता येईना. तीच पुढे म्हणाली, “त्याने तोंड फिरवले होते. मग तो गुरगुरला होता. तो दोनदा ‘नको’ म्हणाला, बाबा. मीच ऐकले नाही.”

मी माजघरातून मागच्या अंगणात गेलो आणि ती दोरी पेटत्या बंबात टाकली.

त्याच दिवशी मी पशुवैद्यांकडे गेलो. या वेळी कुत्र्यासाठी नव्हे, आमच्यासाठी. त्यांनी आम्हांला ससोबाची भाषा शिकविली. झोप आलेली नसता कुत्रे जांभई देते, समोर खाऊ नसता ओठ चाटते, मान वळविते, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दाखविते, अंग लाकडासारखे ताठ करते. ही सारी ‘मला भीती वाटते’ असे सांगण्याची त्याची रीत असते. एवढे सांगूनही आपण सरलो नाही, की ते गुरगुरते. “गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही शिक्षा करू नका,” पशुवैद्य म्हणाले. “मार खाऊन खाऊन जे कुत्रे गुरगुरायचे विसरते, ते न सांगताच चावते. गुरगुरणे म्हणजे रेल्वेच्या फाटकाची घंटा. घंटा नको म्हणून काढून टाकली, तर गाडी यायची थांबते काय?”

घरी येऊन धाकटीने एका पुठ्ठ्यावर तीन नियम लिहिले आणि ते ओटीच्या भिंतीवर टांगले. ‘ससोबा जेवत असता जवळ जायचे नाही. ससोबा झोपला असता हात लावायचा नाही. ससोबाकडे आपण जायचे नाही. त्याला वाटले तर तो येईल.’ पाहुणे आले, की आम्ही त्याला आतल्या खोलीत ठेवून दार लावू लागलो. गल्लीत फिरायला नेताना त्याच्या छातीभोवती पट्टा असे. त्याच्या गळ्याला दोरी म्हणून लावायची नाही, असा आमचा पण होता. तोंडाला जाळीही बांधावी लागे, परंतु तीत खाऊ ठेवून ठेवून ती आम्ही त्याला महिनाभर आधी ओळखीची करून दिली होती. शेजाऱ्यांना दिलेला शब्द असा आम्ही पाळला. त्यांनीही आम्हांला मुदत दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

छत्रीचा प्रश्न उरला होता. इथे आमच्या मदतीला पाव्हलॉव्ह धावले. या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की जेवणाच्या आधी एखादा ठरावीक आवाज वारंवार ऐकविला, तर पुढे नुसता तो आवाज ऐकूनही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. मी अंगणाच्या दूरच्या टोकाला मिटलेली छत्री ठेवी आणि अलीकडे ससोबाला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा देई. आठवड्याला वीतभर छत्री जवळ येई. घाई केली, की सारे मुसळ केरात. पुन्हा पहिल्या टोकापासून आरंभ. मिटलेल्या छत्रीपासून उघडलेल्या छत्रीपर्यंत पोहोचायला आम्हांला आठ महिने लागले. पावसाळा तोवर दारात येऊन उभा राहिला होता.

मात्र ससोबा आपण होऊन प्रथम कोणाजवळ गेला असेल, तर माझ्या आईजवळ. याचे मला नवल वाटले आणि, खरे सांगायचे तर, थोडे वाईटही वाटले. भाकरी मी घालीत होतो, दवाखान्यात मी नेत होतो. आईने त्याला कधी साधे चुचकारलेही नव्हते. ती रोज दुपारी ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत बसे. ससोबा पहिल्यांदा उंबऱ्याशी बसू लागला. मग खांबाशी. मग तिच्यापासून हातभर अंतरावर. २०१८ च्या सप्टेंबर महिन्यातल्या एका दुपारी तो उठला, दोन पावले पुढे आला आणि आपली हनुवटी त्याने आईच्या पावलावर टेकविली. आईने सूप थांबविले नाही. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. फक्त पाऊल हलू दिले नाही. तासभर ती तशीच बसून होती. उठली तेव्हा तिच्या पायाला चांगल्याच मुंग्या आल्या होत्या.

“आई, तुझ्याकडेच कसा ग आला तो?” मी विचारले.

“तुम्ही सारे जण त्याच्याकडे काहीतरी मागत होता,” आई म्हणाली. “हा म्हणे ‘ये’, ती म्हणे ‘बस’, कोणी म्हणे ‘लाड करून घे’. मी काही मागितले नाही, एवढेच.”

माझी पाळी त्यानंतर दोन महिन्यांनी आली. ती हनुवटी पावलावर टेकली, तेव्हा मला शाळेतला तो मुलगा आठवला. मी पाऊल हलविले नाही.

कुत्रा आणि माणूस यांची सोबत किमान चौदा हजार वर्षांची आहे, असे जुन्या अवशेषांवरून शास्त्रज्ञ सांगतात. एवढ्या काळात माणसाने कुत्र्याला शिकार शिकविली, राखण शिकविली, मेंढरे वळायला शिकविले. कुत्र्याने माणसाला काय शिकविले, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली दिसत नाही. भागवतातल्या अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत कबूतर आहे, अजगर आहे, कोळीदेखील आहे, कुत्रा नाही. दत्तात्रेयांच्या तसबिरीत मात्र त्यांच्या पायांशी चार कुत्री दिसतात. माझ्या यादीत मी एक गुरू वाढविला आहे. तो असल्यामुळेच, शाळेतल्या अखेरच्या वर्षांत एखादे मूल उत्तर न देता जमिनीकडे पाहत उभे राहिले, की मी त्याच्यासमोरून बाजूला होत असे, शेजारच्या बाकावर बसत असे आणि थोडा वेळ दुसऱ्याच गोष्टी बोलत असे. पुष्कळ मुले त्यानंतर बोलू लागत. काही बोलत नसत. त्यांना आणखी वेळ हवा असे.

ससोबा आता म्हातारा झाला आहे. त्याचे तोंड पांढरे पडले आहे. आई आज नाही. पण दुपारी तो अजून ओटीवरच्या त्याच खांबाशी जाऊन बसतो. तो पुष्कळ सुधारला, असे मी म्हणेन. पूर्ण बरा झाला, असे म्हणणार नाही. केरसुणी दिसली, की आजही त्याचे अंग ताठ होते. दिवाळीत आम्ही सारे त्याच्यासोबत आतल्या खोलीत दारे-खिडक्या लावून बसतो. गल्लीतली मुले आपण होऊन मोठे फटाके दूरच्या मैदानावर नेतात. धाकटी शिक्षणासाठी पुण्यास असते. सुट्टीत घरी आली, की ती पायरीवर बसते आणि दुसरीकडे पाहत राहते. थोड्या वेळाने ससोबा येतो. तिच्या डाव्या हातावरच्या त्या चार खुणा आता फिकट झाल्या आहेत, आणि तो नेमका तिच्या डाव्या हाताशीच बसतो.

आमच्या फाटकावर पूर्वी ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी होती. ती धाकटीने कधीच काढून टाकली आणि तिच्या जागी स्वतःच्या अक्षरात दुसरी रंगविली. नवखा माणूस ती वाचतो, क्षणभर थांबतो, आणि मग फाटकाची कडी न वाजवता आवाज देतो. पाटीवर एवढेच लिहिले आहे :

‘आमचा कुत्रा घाबरतो. हळू या.’